नलूताईंची बातम्यांची मंडई

नलूताईंचा आवाज मी चार वर्षं ओळखत होते. चेहरा त्यानंतर पाहिला.

माझी पहिली नोकरी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. माझ्या कामांच्या यादीत सातवं काम ट्रंक कॉल बुक करण्याचं. सकाळी दहाला फोन लावून मी नाशिक, कोल्हापूर, अहमदाबाद असे कॉल सांगायचे आणि मग दिवसभर ते लागायची वाट पाहायचे. पलीकडे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चार-पाच बायका आलटून पालटून असत. त्यातल्या एकीचा आवाज घासून पुसून ठेवलेल्या पितळी भांड्यासारखा होता. लख्ख, आणि थोडा कडक.

"साधा की पीपी?" त्या विचारायच्या. पीपी कॉल म्हणजे ज्याचं नाव दिलंय तोच माणूस फोनवर यायला हवा. तो नसेल तर कॉल झाला असं धरत नसत. कोल्हापूरला कुणी फोन उचलला की या आधी विचारणार, "पाटीलसाहेब स्वतः बोलताय का?" पलीकडचा "हो हो, बोला" म्हणाला तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. एकदा मी रिसीव्हर कानाला लावून ऐकत होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही पाटील नाही. पाटील आधी खोकतात. त्यांना बोलवा." पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. मग दुरून खोकला ऐकू आला.

तीन मिनिटं झाली की त्या मध्ये येऊन सांगायच्या, "तीन मिनिटं झाली." आमचे साहेब त्यावर चिडायचे. मला मात्र बरं वाटायचं. कुणीतरी लक्ष ठेवून आहे, असं.

पुढे सगळीकडे थेट फोन लागायला लागले आणि ट्रंकचं काम आटलं. मी नोकरी सोडली, लग्न करून डोंबिवलीला आले आणि पूर्वेला पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्यात कॉम्प्युटरचे क्लास काढले. चार मशिनं, दोन पंखे, भिंतीवर वेळापत्रक. एका दुपारी दारात पन्नाशीच्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, केसांचा आखूड शेपटा.

"प्रवेश घ्यायचाय. वयाची अट आहे का?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही ठाण्याला ट्रंकवर होतात."

"होते. निवृत्ती घेतली. तू कोण?"

"पंपवाली."

"अगंबाई! रोज दहाला! नाशिक आधी, मग कोल्हापूर. एका दमात सांगायचीस, लिहून घेताना परत विचारावं लागायचं नाही." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आवाजावरून मला तू उंच वाटली होतीस."

त्यांचं नाव नलिनी कर्णिक. डोंबिवली पश्चिमेला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. वर्गातली कॉलेजची मुलं त्यांना आधी आजी म्हणाली, आठवडाभरात नलूताई म्हणायला लागली. प्रश्न विचारायला उभ्या राहायच्या आणि उत्तर लांबलं की मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "माधुरी, तीन मिनिटं झाली." मुलं टेबलावर डोकं ठेवून हसायची.

तिसऱ्या महिन्यात मी वर्गाला मोडेम दाखवला. कॉम्प्युटरला फोनची तार जोडणारी ती डबी शिट्ट्या मारत दुसऱ्या कॉम्प्युटरला फोन लावते, हे पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. ताई खुर्ची ओढून अगदी जवळ आल्या.

"हा आधी काय करतो?"

"पलीकडच्याला नाव विचारतो. ते पटलं तरच आत घेतो."

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "आमच्यातलाच दिसतोय."

त्या दिवशी क्लास सुटल्यावर त्या गेल्याच नाहीत. मी पंखे बंद केले तरी बसून होत्या. मग बोलायला लागल्या. तीस वर्षं त्यांनी जिल्ह्याचं बोलणं जोडून दिलं होतं. बातमीदार ठाण्याहून मुंबईला बातमी सांगायचे, व्यापारी भाव विचारायचे, कंत्राटदार रस्ता उघडला का ते विचारायचे. प्रत्येकाला दुसऱ्या गावात काय चाललंय ते हवं असायचं आणि प्रत्येक जण ऐकीव सांगायचा. "माहिती सगळ्यांकडे असते गं. खडवलीच्या माणसाकडे खडवलीची असते, कोळीवाड्यातल्या बाईकडे खाडीची असते. पण ती विकायला जागा नाही, आणि घेणाऱ्याला माल उलटून पालटून बघता येत नाही. मंडईत कसं, वांगं हातात घेऊन बघता येतं, आणि विकणारी समोर बसलेली असते. तशी मंडई काढायची. या डबीवर."

मी वहीत लिहिलं: एक, मशीन. दोन, जास्तीची फोन लाइन. तीन, विकणारे. चार, घेणारे. ताईंनी माझ्या हातातून पेन घेतलं, तिसरा आकडा खोडून पहिला केला. "मशीन मागून."

विकणारे जमवायला आठ महिने लागले. ताईंची पद्धत अशी होती की माणसाच्या घरी गेल्याशिवाय त्याचं नाव मंडईत घालायचं नाही. रविवारी आम्ही दोघी निघायचो. कधी आंबिवली, कधी कळवा, कधी घोडबंदर रस्त्याच्या आतली गावं. घरात गेल्यावर पाणी प्यायच्या, मुलांची नावं विचारायच्या आणि मग उठून दारात जाऊन उभ्या राहायच्या.

"तुमच्या दारातून काय दिसतं?"

खडवलीचे शिंदे मास्तर या प्रश्नानं दुखावले होते. "दारातून? दारातून नदीचा घाट दिसतो, पूल दिसतो. पण बाई, मला अख्ख्या तालुक्याचं राजकारण कळतं."

"कळतं ते ठेवा तुमच्याकडे," ताई म्हणाल्या. "दिसतं ते द्या."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली आणि लिहिलं: शिंदे, खडवली. दारातून दिसणारं: घाट, पुलाचा अर्धा भाग, देवळाची मागची बाजू, फाट्यावरून येणारी बस.

मंडईत प्रत्येक विकणाऱ्याचं एक पान होतं आणि त्या पानावर सगळ्यात वर हेच असायचं: त्याच्या दारातून काय दिसतं. आंबिवलीच्या कंपाउंडरच्या पानावर होतं: दवाखान्याची रांग, रेल्वेचं फाटक, रिक्षांचा थांबा. एका पावसाळ्यात रांगेत जुलाबाचे लोक रोज वाढतायत, असं त्यानं मोजून कळवलं. पेपरात ती बातमी यायच्या आधी आसपासच्या सोसायट्यांनी पाणी उकळायला घेतलं होतं. कंपाउंडर नंतर ताईंना म्हणाला, "मॅडम, मी आयुष्यभर ती रांग बघतोय, पण ती कुणाला हवी असेल असं वाटलं नव्हतं."

माझ्या क्लासमधलं एक मशीन ताईंच्या बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. मराठी मजकूर रोमन अक्षरांत टाइप करायचा, वाचणाऱ्याच्या जिभेला कसरत. ज्यांच्याकडे मोडेम होता ते फोन लावून आत यायचे, मथळे फुकट वाचायचे आणि पुढचं हवं असेल तर आमच्याकडून आधी विकत घेतलेल्या कुपनाचा नंबर द्यायचे. बाकीच्यांना ताई फोनवर वाचून दाखवायच्या. दोन स्थानिक पेपर, काही व्यापारी, एक लग्नाचे मांडव घालणारा, बऱ्याच सोसायट्या असे घेणारे होते. विकणारे माझ्या यादीत एकेचाळीस.

नियम तीन. विकणाऱ्याचं नाव बातमीखाली असणार. त्यानं स्वतः पाहिलेलं असणार. आणि चूक निघाली तर बातमी पुसायची नाही, तिच्यापुढे "चुकलं" असं लिहून ती तिथेच ठेवायची, आणि काय चुकलं तेही. दुसऱ्यानं पाहिलेलं स्वतःचं म्हणून दिलं, तर पान कायमचं बंद.

घोडबंदर रस्त्यावर तेव्हा नुकत्याच इमारती उठायला लागल्या होत्या. एक बिल्डर गाडी घेऊन ताईंकडे आला. सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात मिठाईचा खोका. त्याला बातमी द्यायची होती की त्याच्या बाजूला पाण्याची नवी पाइपलाइन येतेय. नाव नको म्हणाला.

"तुमच्या दारातून पाइपलाइन दिसते का?"

"अहो, येणार आहे ना! वरपर्यंत बोलणं झालंय."

"मग आल्यावर फोन करा. आणि हा खोका घेऊन जा, मला साखर वर्ज्य आहे."

तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, तुम्हाला साखर कधीपासून वर्ज्य?"

"त्याच्या खोक्यातली," त्या म्हणाल्या आणि डब्यातून बेसनाचा लाडू काढून अर्धा मला दिला.

या सगळ्यांत त्यांचा जीव कुणावर असेल तर वनितावर. वनिता ठाण्याच्या कोळीवाड्यातली. सकाळी मासळीबाजारात बसायची, दुपारी वाण्याच्या दुकानातून ताईंना फोन करायची. तिच्या दारातून खाडी दिसायची आणि तिच्या बातम्या छोट्या असायच्या: आज बोटी उशिरा आल्या, गाळामुळे जाळी वर येत नाहीत, कोलंबी बारीक आहे. ताई फोनवर विचारायच्या, "बारीक म्हणजे किती?" आणि वनिता म्हणायची, "बाय, तुजे करंगलीएवडी. तुजी करंगली मी बगितलीय." तिचा नवरा हिरामण भला माणूस, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. ताई त्यांच्या घरी गेल्या की वनिता सुकटीची चटणी करायची आणि ताई जमिनीवर पाय पसरून जेवायच्या. मी त्यांना इतकं सैल दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलं नाही.

एका उन्हाळ्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, मी ताईंकडे मशीनवर काम करत होते. एका पेपरच्या कचेरीतून सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता, खाडीत काहीतरी झालंय म्हणतात, तुमच्याकडे काही आलंय का? तेवढ्यात कोळीवाड्यातून फोन आला. हिरामण होता. ताईंच्या रिसीव्हरमधून त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"ताई, वनिताचे नावान लिवा. खारीत काला पानी आलाय. मासं मेल्यात."

"पाहिलं का?"

"म्हंजे काय! आमचे घरान पाहिलाय."

ताईंचा हात क्षणभर फोनच्या तारेवर फिरला. "वनिता कुठाय?" असं त्यांनी विचारलं नाही. त्या घरात त्या दोन वर्षं जेवत होत्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिही."

मी लिहिलं. वनिताचं नाव खाली घातलं. पेपरवाल्यांनी पाच मिनिटांत ती बातमी घेतली.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर 'खाडीत विष' असा मथळा होता. ठाण्याच्या मासळीबाजारात गिऱ्हाईक फिरकलं नाही. खाडीची मासळी, समुद्राची मासळी, लोकांना सारखीच. पाट्या भरलेल्या तशाच परत गेल्या.

खरी गोष्ट दोन दिवसांनी कळली. हिरामणचा भाऊ कोळीवाड्याच्या मागच्या बाजूला एका खाजणात, खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, गेला होता. तिथल्या बांधाचं दार बंद राहिलं होतं, अडकलेलं पाणी उन्हानं तापून कुजलं होतं आणि त्यात मासे मेले होते. तेवढ्या डबक्यात. भावानं घरी येऊन सांगितलं, हिरामणनं फोन केला. वनिता त्या दिवशी ठाण्यात नव्हतीच, उत्तनला बहिणीकडे गेली होती. ती परत आली तेव्हा बाजारातल्या शेजारच्या बायकांनी आपल्या पाट्या उचलून लांब मांडल्या होत्या.

आम्ही कोळीवाड्यात गेलो तेव्हा हिरामण ओट्यावर बसला होता. तो रागावलेला नव्हता, त्याला फक्त कळत नव्हतं. "ताई, मी खोटा नाय बोललो. आमचे घरात एकान बगितला की सगल्यानी बगितला. वेगला काय असतं त्यात?"

वनिता आतून आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "माजं पान बंद करा ताई. नियम हाय."

मलाही तेच वाटत होतं. नियम स्पष्ट लिहिलेला होता: पान कायमचं बंद. परत येताना मी तसं म्हटलं.

"वनितानं काय दिलं?" ताईंनी विचारलं.

"तिच्या नावानं..."

"तिनं काय दिलं, माधुरी? ती तर इथे नव्हती. त्यानं मला 'घरानं पाहिलं' असं सरळ सांगितलं, आणि मी घेतलं. तीस वर्षं मी लोकांना खोकल्यावरून ओळखलं. त्या दिवशी विचारायचा कंटाळा आला नव्हता मला. विचारावंसंच वाटलं नाही. आपलंच घर वाटलं."

पेपरनं आतल्या पानात दोन ओळींचा खुलासा छापला. ताईंनी तो वाचून पेपरची घडी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मासळीबाजारात जाऊन वनिताच्या शेजारी एका उलट्या पाटीवर बसल्या. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "ती बातमी चुकीची होती. खाडी ठीक आहे. मासे चांगले आहेत."

"तुम्ही कोण?"

"जिनं चुकीचं सांगितलं ती. नलिनी कर्णिक. डोंबिवलीला राहते."

लोक थबकायचे. काही हसायचे. एका गृहस्थानं विचारलं, "मग हे बरोबर कशावरून?" ताई म्हणाल्या, "मी काल रात्री याच पाटीतली बोयटं खाल्ली. अजून बसलेय तुमच्यासमोर."

वनिताच्या शेजारची पार्वतीआजी आता समोरच्या ओळीत बसत होती. अख्खा बाजार तिला वचकून असे. पहिल्या दिवशी ती मोठ्यानं म्हणाली, "काय गो बाय, बातम्या खपना झाल्या म्हणून मासं विकतेस? काटा तरी काडता येतो का?"

"येतो की आजी. कर्णिकांच्या घरात जन्मलेय. भाषा यायच्या आधी काटा काढायला येतो आमच्यात."

बाजार हसला. आजी हसली नाही, पण चौथ्या दिवशी तिनं आपली पाटी उचलली आणि वनिताच्या शेजारी, होती तिथे, आणून ठेवली. बाकीच्या तिच्या मागून आल्या. सहा सकाळी ताई तिथे बसल्या. मी एकदाच गेले, क्लास होता म्हणून. वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावला होता तो ताईंनी नजरेनं काढायला लावला.

मग त्यांनी मंडईत स्वतःचं पान उघडलं. त्यांचं पान कधी नव्हतंच, कारण त्या काही विकत नव्हत्या. त्यावर सगळी हकिकत लिहिली: कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, कोणी न विचारता घेतलं. आणि मला सांगितलं, "हे सगळ्यांत आधी दिसलं पाहिजे. आत येणाऱ्यानं पहिलं हे वाचायचं."

"ताई, नवा माणूस पळून जाईल."

"जाऊ दे. राहील तो वाचून राहील."

बरेच पळाले. ज्या पेपरनं खाडीची बातमी छापली त्यानं कुपनं बंद केली. दुसऱ्यानंही. सोसायट्या राहिल्या, मांडववाला राहिला. विकणाऱ्यांपैकी एकही गेला नाही. पण घेणारेच नाहीत तर मंडई किती दिवस चालणार, ते मला आकड्यांत दिसत होतं.

पावसाळ्याच्या शेवटी मुंबईच्या एका मोठ्या वृत्तपत्राचा माणूस मंडई बघायला येणार असं ठरलं. त्यांना जिल्ह्यातून रोजची माहिती हवी होती. ते आले असते तर पुढच्या कितीतरी वर्षांची चिंता मिटली असती. आदल्या संध्याकाळी मी मशीन तपासायला गेले. ताई भाजी आणायला गेल्या होत्या. पडद्यावर पहिलं त्यांचं ते पान. मी ते पुसलं नाही. यादीत चौदाव्या जागी नेऊन ठेवलं, मदतीच्या सूचनांच्या खाली. दोन मिनिटांचं काम. मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ आला. तिशीतला, नम्र, प्रश्न नेमके विचारणारा. ताईंना तो आवडला, हे मला कळलं, कारण त्यांनी त्याला अर्धा लाडू दिला. मशीन सुरू केलं आणि त्या म्हणाल्या, "आधी पहिलं पान वाचा. मग बोलू."

तो वाचायला लागला. "आंबिवली. दवाखान्याची रांग..."

ताई पडद्याकडे वाकल्या. मग माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीत बसल्या, एकेक कळ दाबत खाली खाली गेल्या आणि चौदाव्या जागी थांबल्या. त्यांनी ते पान त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ट्रंकवरच्या त्या आवाजात.

तो मन लावून ऐकत होता. "मॅडम, हे विलक्षण आहे. पण खरं सांगू, हे काढलंत तरी आम्हाला चालेल."

"हो," ताई म्हणाल्या. "चालेल असं इथेही कुणाला तरी वाटलं."

तो उत्साहात गेला. करार पाठवतो म्हणाला. दार लागल्यावर खोलीत मोडेमचा दिवा तेवढा लुकलुकत होता.

"काढलं नव्हतं ताई," मी म्हणाले. "फक्त खाली नेलं. क्रम बदलला."

"हिरामणनं तरी दुसरं काय केलं? भावाला मागं ठेवलं, बायकोला पुढं. क्रमच बदलला."

त्या चिडल्या असत्या तर मी भांडले असते. माझी तयारी होती, मुद्दे होते. त्यांनी उठून पाण्याचा पेला भरला आणि माझ्यापुढे ठेवला.

"तू वाईट केलं नाहीस गं. मंडई जगावी म्हणून केलंस. पण आता उद्या मी हे उघडलं की आत काय असेल ते मला ठाऊक नसेल. तुला विचारावं लागेल. आणि मी विचारणार नाही, मला माहितीय. तुलाही मी आपलीच मानते."

त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग चार दिवस बसून एकेचाळीस जणांना फोन केले. प्रत्येकाला स्वतः. शिंदे मास्तर खूप वेळ बोलले, कंपाउंडर रडला. त्या चार दिवसांत त्यांनी कुणालाही वेळेची आठवण करून दिली नाही. सोसायट्यांना उरलेल्या कुपनांचे पैसे हातात नेऊन दिले. पाचव्या दिवशी मी मशीन माझ्या क्लासला परत नेलं. त्यांनी तारा गुंडाळून, रबर लावून, पिशवीत घालून दिल्या होत्या.

आमचं बोलणं तुटलं नाही. ते विरलं. दिवाळीला मी जायचे, त्या फराळ द्यायच्या, मुलाची चौकशी करायच्या. मंडईचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही. पुढे इंटरनेट घरोघर आलं. आता माझ्या फोनवर दिवसभर बातम्या येऊन पडतात. कुणी पाहिलंय, कुठून पाहिलंय, काही लिहिलेलं नसतं. अशी एखादी वाचली की माझा हात अजून वहीकडे जातो. कुणाच्या दारातून हे दिसलं, ते लिहायला. पुढची रेघ रिकामी राहते. मग मी वही मिटते.

नव्वदचं दशक संपता संपता एका सकाळी क्लासच्या दारात त्या उभ्या दिसल्या. वाळल्या होत्या. त्यांच्यामागे, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली, अवघडलेली वनिता.

"हिचा मुलगा बोटीवर लागलाय," ताई म्हणाल्या. "तिकडून ई-मेल पाठवतो. दुकानदाराकडून वाचून घ्यावी लागते. हिला स्वतः वाचायची आहे, उत्तर लिहायचं आहे. ठाण्यात दोन क्लास दाखवले हिला. नको म्हणाली."

"मीच नाय म्हटला," वनिता म्हणाली. "ताई म्हनाल्या, माज्या माहितीतली एकच हाय, तिचेकडं डोलं मिटून बस."

मी ताईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होत्या, जणू त्यांनी काही ऐकलंच नाही.

मला पुष्कळ बोलायचं होतं. इतक्या वर्षांत मनातल्या मनात त्याची यादीसुद्धा झाली होती. मी म्हटलं, "ताई, बसा ना. चहा मागवते."

"नको. मला बस आहे. हिला नीट शिकव हं, घाई करू नकोस. तिचा हात जड आहे." त्यांनी वनिताच्या पाठीवर थाप मारली, माझ्या गालाला बोटं लावली आणि जिना उतरून गेल्या.

मी खिडकीशी गेले. त्या खाली रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, रिक्षा जायची वाट बघत. एक गेली, दुसरी गेली. मी हाक मारायला तोंड उघडलं.

"बाय," मागून वनिता म्हणाली. ती पहिल्या मशीनसमोर बसली होती, दोन्ही हात हवेत. "ह्यो उंदीर हलतोय. धरू कसा?"

मी जाऊन तिचा हात धरला, माउसवर ठेवला, एकेक बोट जागेवर बसवलं. तिचा हात खरंच जड होता, मिठानं चिरलेला. बाण पडद्यावर सरकला तशी ती हसली. पुन्हा खिडकीशी आले तेव्हा रस्ता ओलांडून झाला होता. पलीकडच्या गर्दीत एक कापडी पिशवी दिसल्यासारखी झाली. त्यांचीच होती का, ते मी सांगू शकत नाही.